‘टुमॉरो ओन्ली’ ही चूक की बदल? सांगलीत राहून इंग्रजीचा अभ्यास

आटपाडीकडच्या एका विद्यार्थिनीचा प्रश्न थोडक्यात असा: ‘मी एम.ए. इंग्रजीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. इंग्रजी काळानुसार कशी बदलत गेली आणि देशोदेशी ती वेगळी का बोलली जाते, यावर प्रकल्प करायचा आहे. आमचे सर म्हणतात, भारतीय इंग्रजी असं काही नसतं, त्या नुसत्या चुका असतात. परदेशी जाणं शक्य नाही. इथं राहून हा अभ्यास होईल का? सुरुवात कुठून करू?’

होईल, आणि चांगला होईल. मी सांगलीत २७ वर्षं इंग्रजी शिकवतोय आणि त्यातली निम्मी वर्षं याच विषयात रमलोय. पण कुठली पुस्तकं वाचायची हे सांगण्याआधी तुमच्या प्रश्नातली खरी अडचण बाजूला काढायला हवी. तुम्ही काळ आणि देश या दोन गोष्टी विचारल्यात, पण मनात तिसरीच गोष्ट अडकलीय, ती म्हणजे ‘चूक’ हा शब्द. त्याचा निकाल लागला नाही तर प्रकल्पातलं प्रत्येक वाक्य तुम्ही माफी मागत लिहाल.

आपण नववी-दहावीला कर्मणी प्रयोग शिकवताना ‘द हाउस इज बीइंग बिल्ट’ हे वाक्य फळ्यावर लिहितो. ही रचना इंग्रजीत अठराव्या शतकाच्या अखेरीस दिसू लागली. त्याआधी आणि नंतरही बराच काळ त्याच अर्थाने ‘द हाउस इज बिल्डिंग’ असं लिहीत. एकोणिसाव्या शतकातल्या कित्येक जाणकारांनी ‘इज बीइंग’ला बोजड आणि अशुद्ध ठरवून झोडपलं होतं. आज आपण ‘द हाउस इज बिल्डिंग’ लिहिणाऱ्याचे गुण कापतो. म्हणजे एखादी रचना चूक की बरोबर हे कोणत्या वर्षी, कुठे आणि कोण विचारतंय यावर ठरतं. भाषेचा अभ्यास करणाऱ्याने आधी नोंद घ्यायची असते. निवाडा करायचा की नाही ते नंतरचं.

शब्दांच्या अर्थाचंही तसंच. ‘डिअर’ म्हणजे हरीण हे पाचवीतल्या पोरालाही माहीत असतं. जुन्या इंग्रजीत मात्र हा शब्द कुठल्याही जनावराला चालायचा, पुढे तो आक्रसत हरणापुरता उरला. वर्गात हे सांगितलं की पोरं नवलाने बघतात. मग मी त्यांना आपला ‘मृग’ आठवायला सांगतो. मृगराज म्हणजे हरणांचा राजा नव्हे, आणि मृगया म्हणजे फक्त हरणाची शिकार नव्हे. संस्कृतात मृग म्हणजे रानातला कुठलाही पशू, आणि आपल्याकडे येईतो तो हरीण झाला. हजारो मैलांवरच्या दोन भाषांत दोन शब्दांनी एकच वाट धरली. इंग्रजीतले बदल समजायला मराठी कान लागतो म्हणतात तो असा उपयोगी पडतो, आणि तो तुमच्याकडे आहेच.

आता सरांचं म्हणणं. ते पूर्ण चुकीचं नाही. चुका असतातच. घाईत ‘शी डोन्ट नो’ लिहिणारा विद्यार्थी स्वतःच परत वाचून ते दुरुस्त करतो, ती चूक. पण एखादी रचना अनेक जणांकडून पुन्हा पुन्हा येत असेल, रोज इंग्रजीत कामकाज करणाऱ्या शिकलेल्या लोकांकडूनही येत असेल, आणि तिच्यामुळे काही विशिष्ट अर्थ साधत असेल, तर तिला चूक म्हणून मोकळं होता येत नाही. मग तिला नियम आहे, आणि तो शोधणं हाच अभ्यास.

एक प्रसंग सांगतो. मार्केट यार्डात हळदीच्या सौद्यांचे दिवस होते. ओळखीच्या एका व्यापाऱ्याकडे बसलो होतो. त्यांचा मुलगा परराज्यातल्या खरेदीदाराशी फोनवर बोलत होता: ‘पेमेंट आय हॅव सेंट यस्टरडे ओन्ली. ट्रक विल लीव्ह टुडे इटसेल्फ.’ मी ते तिथंच पावतीच्या पाठीवर उतरवून घेतलं. दोन लहान वाक्यांत किती ऐवज आहे बघा. ‘पेमेंट’ वाक्याच्या तोंडाशी आलंय, कारण बोलणं त्याच्याविषयी चाललंय. ‘यस्टरडे’बरोबर ‘हॅव सेंट’ आलंय, जे पाठ्यपुस्तकातल्या इंग्रजीला चालत नाही. आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे ‘ओन्ली’ आणि ‘इटसेल्फ’.

ब्रिटिश दुकानाच्या काचेवर ‘टुमॉरो ओन्ली’ असं लिहिलेलं असेल तर त्याचा अर्थ फक्त उद्या, परवा आलात तर सवलत नाही. आपला माणूस ‘आय विल कम टुमॉरो ओन्ली’ म्हणतो तेव्हा त्याला ‘फक्त उद्या’ म्हणायचं नसतं, ‘उद्याच येतो’ म्हणायचं असतं. मराठीत ‘फक्त’ आणि ‘च’ ही दोन वेगळी हत्यारं आहेत. इंग्रजीत हा ‘च’ आवाजाच्या जोराने दाखवतात, त्याला वेगळा शब्द नाही. आपल्याकडे तो जोर शब्दावर बसवायची सवय, म्हणून ‘ओन्ली’ला त्या कामाला लावलं. भारतीय इंग्रजीवरच्या अभ्यासांत हा ‘ओन्ली’ नीट नोंदला गेलेला आहे. पण त्या मुलाने कालसाठी ‘ओन्ली’ आणि आजसाठी ‘इटसेल्फ’ का वापरलं? मराठीत दोन्हीकडे ‘च’च आहे. केव्हा ‘ओन्ली’ येतो आणि केव्हा ‘इटसेल्फ’, एवढा एकच प्रश्न एम.ए.च्या प्रकल्पाला पुरून उरेल.

इथं एक सावधगिरी. ‘हे मराठीतून आलं’ असं लगेच लिहून टाकू नका. हिंदीतला ‘ही’ हेच काम करतो. आपल्या जत तालुक्यात कन्नड बोलणारी घरं आहेत, त्यांच्या बोलण्यात शब्दाच्या शेवटी येणारा ‘ए’ही हेच काम करतो. तेव्हा ‘ओन्ली’चं मूळ एका भाषेत शोधण्यापेक्षा, शेजारच्या अनेक भाषांनी मिळून इंग्रजीला एका बाजूला झुकवलं असं म्हणणं जास्त सुरक्षित. जतच्या आणि विट्याच्या विद्यार्थ्यांची वाक्यं शेजारी ठेवून काही फरक दिसतो का, हे तुम्ही स्वतः तपासू शकता. इंग्लंडातल्या माणसाला हे जमणार नाही.

आणि हे फक्त आपल्याकडेच घडतं असंही नाही. आयर्लंडमध्ये ‘आय ॲम आफ्टर ईटिंग माय डिनर’ म्हणतात, म्हणजे मी आत्ताच जेवलोय. ही रचना त्यांच्या आयरिश भाषेतून आली. नायजेरियात परवासाठी ‘नेक्स्ट टुमॉरो’ म्हणतात, आणि २०२० साली ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशात तो शब्द नोंदला गेला. ‘द डे आफ्टर टुमॉरो’ हे चार शब्द मुलांना पाठ करायला लावताना मला नेहमी वाटतं, ज्यांच्या भाषेत परवा आणि तेरवा आहेत त्यांना ही अडचण खुपणारच. अमेरिकन लोकांचा ‘गॉटन’ आपल्याला नवा आणि बिघडलेला वाटतो. प्रत्यक्षात तो जुना आहे. अमेरिकेत तो टिकला आणि ब्रिटनमध्ये बहुतेक ठिकाणी गळून पडला. म्हणून ‘मूळ ठिकाणची ती जुनी, बाहेरची ती नवी’ असं धरून चालू नका.

माझ्या हातून घडलेली एक गोष्टही सांगतो. सुरुवातीच्या वर्षांत ‘द एक्झाम वॉज प्रिपोन्ड’ लिहिणाऱ्या मुलीचे मी गुण कापले आणि शेजारी लाल शाईने ‘असा शब्द नाही’ असं लिहिलं. पुढे तो शब्द मोठ्या कोशांत रीतसर भेटला. शिवाय १९१३ साली न्यूयॉर्क टाइम्सला आलेल्या एका पत्रात एका गृहस्थांनी ‘पोस्टपोन’ला विरुद्ध अर्थाची जोड म्हणून हाच शब्द सुचवला होता हेही कळलं. म्हणजे शब्द नाही हे माझं म्हणणं खोटं ठरलं, आणि तो भारतीयांनीच पहिल्यांदा घडवला ही आपली समजूतही. गरज सारखी असली की तोच शब्द दोन ठिकाणी स्वतंत्रपणे घडू शकतो. त्या मुलीचे गुण परत देता आले नाहीत याचं मला आजही वाईट वाटतं. तेव्हापासून कुठल्याही शब्दाला ‘भारतीय’ असं लेबल लावण्याआधी मी जुने दाखले बघतो.

आता साधनांकडे येऊ, कारण ‘इथं राहून होईल का’ याचं खरं उत्तर इथं आहे. ज्या शिवाजी विद्यापीठाची पदवी तुम्ही घेणार आहात, त्याच विद्यापीठाच्या इंग्रजी विभागात प्रा. एस. व्ही. शास्त्री यांच्या मार्गदर्शनाखाली भारतीय इंग्रजीचा पहिला मोठा संगणकीय भाषासंग्रह तयार झाला. जगभरचे अभ्यासक त्याला ‘कोल्हापूर कॉर्पस’ म्हणून ओळखतात. १९७८ साली भारतात छापलेल्या इंग्रजीतले ५०० उतारे, प्रत्येकी सुमारे २,००० शब्दांचे, म्हणजे एकूण सुमारे १० लाख शब्द. त्यात वर्तमानपत्रं आहेत, सरकारी कागद आहेत, शास्त्रीय लेखन आहे, कथा-कादंबऱ्या आहेत. त्याचा आराखडा अमेरिकेतल्या ब्राउन विद्यापीठाच्या संग्रहावर बेतलेला होता. ब्राउनमध्ये १९६१ सालची अमेरिकन इंग्रजी आहे, आणि लँकेस्टर-ऑस्लो-बर्गन या संग्रहात त्याच सालची ब्रिटिश इंग्रजी. पुढे आंतरराष्ट्रीय इंग्रजी संग्रहाचा भारतीय भाग झाला, त्यातही शास्त्री होते. त्यात बोललेली इंग्रजीही आहे, आणि ती लिहिलेलीपेक्षा जास्त. ‘ओन्ली’साठी तुम्हाला तोच जास्त लागेल, कारण छापताना संपादक असे शब्द काढून टाकतात. विभागात जाऊन विचारा, ग्रंथालयात विचारा. आपल्याच घरच्या कामाची माहिती आपल्याला परदेशी पुस्तकातून मिळावी हे बरं नाही.

या संग्रहांत एक खाच आहे आणि तिच्यात बरेच जण अडकतात. समजा, तुम्ही एखादा शब्द मोजला. १९६१ च्या ब्रिटिश संग्रहात तो जास्त आणि १९७८ च्या कोल्हापूर संग्रहात कमी निघाला. तुम्ही लिहिलं, ‘भारतीय इंग्रजीत हा शब्द कमी वापरतात.’ पण मधे १७ वर्षं गेलीत. तो शब्द या काळात ब्रिटनमध्येही कमी झाला असेल तर? हा फरक देशाचा की काळाचा, हे या दोन आकड्यांवरून सांगता येत नाही. यावर उपाय आहे. त्याच आराखड्याने जर्मनीतल्या फ्रायबुर्गमध्ये १९९१ ची ब्रिटिश आणि १९९२ ची अमेरिकन इंग्रजी गोळा केली गेली. ती शेजारी ठेवली की काळाचा कल कळतो, आणि १९७८ चा आकडा त्या कलावर कुठे बसतो ते बघता येतं. त्या तुलनेतून ‘शॅल’, ‘मस्ट’, ‘ऑट टू’ या सहायक क्रियापदांचा वापर ब्रिटन-अमेरिकेत तीस वर्षांत चांगलाच घसरल्याचं दिसून आलं. कोल्हापूर संग्रहात कथालेखनाच्या उपप्रकारांचं प्रमाणही ब्राउनपेक्षा वेगळं आहे. म्हणून तुलना करताना वर्तमानपत्राची वर्तमानपत्राशी, सरकारी कागदाची सरकारी कागदाशी करा.

‘शॅल’चा विषय निघालाच आहे तर माझ्या खणात काय आहे ते सांगतो. विद्यार्थ्यांचे रजेचे अर्ज मी जपून ठेवत आलोय. जुन्या अर्जांत हमखास ‘आय बेग टु स्टेट दॅट’, ‘काइंडली डू द नीडफुल’ आणि शेवटी ‘आय शॅल बी हायली ऑब्लाइज्ड’. गेल्या काही वर्षांत अर्ज व्हॉट्सॲपवर येतात: ‘गुड मॉर्निंग सर, टुडे आय ॲम नॉट कमिंग, सफरिंग फ्रॉम फीवर.’ ‘शॅल’ गेला. पण यावरून आमच्या पोरांच्या बोलण्यातून ‘शॅल’ गेला असं म्हणता येणार नाही, कारण तो त्यांच्या बोलण्यात कधीच नव्हता. तो अर्जाच्या साच्यात होता. आपण पत्राच्या मायन्याखाली ‘सा. न. वि. वि.’ लिहायचो, तोंडी कुणाला कधी म्हटलं नाही, तसंच. साच्यात एखादा शब्द वर्षानुवर्षं टिकून राहतो आणि साचा मोडला की एका दिवसात नाहीसा होतो. मोजताना साच्यातली वाक्यं वेगळी काढा, नाहीतर आकडे फसवतील.

उच्चारांवर काम करावं का, हे तुमच्या कानावर अवलंबून आहे. ध्वनिशास्त्र पक्कं नसेल तर एका वर्षात ते अंगात येत नाही. पण कल्पना येण्यासाठी अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ विल्यम लबोव्ह यांचं काम जरूर वाचा. न्यूयॉर्कमधल्या तीन दुकानांत, एक श्रीमंती, एक मध्यम, एक स्वस्त, त्यांनी नोकरांना अशी वस्तू विचारली की उत्तर ‘फोर्थ फ्लोअर’ यावं. मग ऐकू न आल्यासारखं करून परत विचारलं. ‘र’चा उच्चार कोण करतं, आणि सावधपणे बोलताना तो वाढतो का, एवढंच बघितलं. महागड्या दुकानात ‘र’ जास्त ऐकू आला. या साध्या युक्तीतून समाजातली प्रतिष्ठा आणि उच्चार यांचा संबंध उघडा पडला. आपल्याकडे असं करायचं तर ‘व्ही’ आणि ‘डब्ल्यू’ घ्या. मराठीत आपण ‘व्हिडिओ’ लिहितो आणि ‘वॉटर’ लिहितो, म्हणजे लिहिताना दोन्हींत फरक करतो. बोलताना तो उरतो का? हिंदीत शिकलेल्यांपेक्षा मराठीत शिकलेल्यांचा ‘व्हॅन’ वेगळा ऐकू येतो का? मला हा प्रश्न फार मोलाचा वाटतो. ध्वनी तपासायला ‘प्रात’ नावाचं मोफत सॉफ्टवेअर आहे. फक्त एक लक्षात ठेवा: मोबाइलचा रेकॉर्डर समोर ठेवला की माणूस जपून बोलू लागतो. आणि लपवून रेकॉर्ड करणं योग्य नाही. परवानगी घ्या, पहिली दहा मिनिटं पावसापाण्याच्या, घरच्या गप्पा मारा, आणि ती दहा मिनिटं मोजणीतून वगळा.

जुना इतिहास किती वाचायचा? सगळा नको, पण पाया हवा. १०६६ मध्ये फ्रान्सकडून नॉर्मन लोक इंग्लंडात आले आणि फ्रेंच शब्दांचा लोंढा आला, १४७६ मध्ये कॅक्स्टनने वेस्टमिन्स्टरला छापखाना काढला, आणि साधारण १४०० ते १७०० या काळात दीर्घ स्वरांचे उच्चार सरकले. या शेवटच्या गोष्टीशी थोडा वेळ बसा. इंग्रजी स्पेलिंग विचित्र का, याचं मोठं कारण तिथं आहे. छपाईने स्पेलिंग बांधून ठेवलं आणि उच्चार पुढे चालत राहिले. ‘नेम’ हा शब्द स्वर सरकण्यापूर्वी साधारण ‘नाम’सारखा उच्चारला जायचा, शेवटी हलका ‘अ’ लावून. आपल्या ‘नाम’शी त्याचं नातं आहे हे तुम्हाला भाषाशास्त्राच्या तासाला सांगितलं असेलच, पण तो तसा ऐकूही येत होता हे सहसा कुणी सांगत नाही. आणि ‘स्पीकेथ’ जाऊन ‘स्पीक्स’ कसं आलं ते वाचा. जुन्या खासगी पत्रांच्या संग्रहावरून अभ्यासकांनी दाखवलंय की हा बदल पुढे नेण्यात बायका आघाडीवर होत्या. साध्या माणसांची पत्रं किती महत्त्वाची असतात ते यावरून कळतं.

भाषाशास्त्रज्ञ ब्रज काचरू यांनी १९८५ मध्ये मांडलेली जगभरच्या इंग्रजीची तीन वर्तुळं तुम्हाला अभ्यासक्रमात असतीलच: आतलं ब्रिटन-अमेरिकेचं, मधलं भारत-नायजेरियासारख्या देशांचं, बाहेरचं चीन-जपानचं. ती वाचा, पण प्रकल्प त्यावर उभा करू नका. देश हे एकक फार मोठं आहे. मार्केट यार्डातला तो मुलगा आणि दिल्लीच्या न्यायालयातले वकील एकाच वर्तुळात बसतात आणि दोघांची इंग्रजी मात्र एक नाही.

मग सुरुवात कुठून? मी तुमच्या जागी असतो तर महाविद्यालयांच्या वार्षिक अंकांपासून केली असती. जवळपास प्रत्येक अंकात मराठी, हिंदीबरोबर इंग्रजी विभाग असतो. लेखक त्याच भागातले, वय साधारण सारखं, आणि वर्ष मुखपृष्ठावर छापलेलं. म्हणजे ठिकाण पक्कं आणि काळ हलता, अगदी हवा तसा. सांगलीचं विलिंग्डन महाविद्यालय १९१९ चं आहे. तिथं आणि आसपासच्या जुन्या महाविद्यालयांच्या ग्रंथालयांत काय शिल्लक आहे ते स्वतः जाऊन बघा. दर दहा वर्षांतून दोन अंक घ्या, लेख टंकून काढा, ‘अँटकॉन्क’ या शब्द शोधून मोजणाऱ्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये घाला, आणि एकच गोष्ट मोजा: ‘शॅल’ किंवा ‘ओन्ली’ किंवा ‘आय ॲम नोइंग’सारखी रचना. जुने अंक मिळाले नाहीत तर हा बेत बदलावा लागेल. मग एकाच वर्षातले जत, तासगाव आणि सांगलीचे अंक घेऊन काळाऐवजी ठिकाण हलतं ठेवा. दोन्ही एकाच वेळी हलवू नका. ती खाच वर सांगितलीच आहे.

सरांशी वाद घालू नका. त्यांच्याकडे शंभर वाक्यं घेऊन जा, प्रत्येकावर तारीख, ठिकाण, कोण कुणाशी बोलत होतं ते लिहिलेलं. त्यातल्या चुका कुठल्या आणि नियम कुठला हे त्यांनाच निवडायला सांगा. माझा अनुभव असा की वाक्यं समोर असली की जुन्या वळणाचे शिक्षकही रस घेतात. कारण त्यांचं व्याकरण पक्कं असतं, आणि या कामाला तेच लागतं. ‘नेट’ या प्राध्यापकपदासाठीच्या पात्रता परीक्षेच्या अभ्यासाची काळजी असेल तर ‘भारतातील इंग्रजी: इतिहास, विकास आणि भवितव्य’ असा स्वतंत्र घटक तिथल्या अभ्यासक्रमात आहे. हे काम त्यालाही उपयोगी पडेल.

एक वही आजच करा. ऐकलेलं वाक्य जसंच्या तसं उतरवा, मनातल्या मनातही दुरुस्त करू नका, आणि ते ऐकल्यापासून दहा मिनिटांच्या आत उतरवा. त्यानंतर आपण ते आपल्याला योग्य वाटणाऱ्या इंग्रजीत आठवायला लागतो. पहिली पन्नास वाक्यं झाली की इथंच कळवा, ती कशी लावायची ते मी सांगेन.